नवोदय, सैनिक स्कूल आणि पाचवीतलं पोर: पुण्यात राहून तयारी कशी करायची

दरवर्षी जून उजाडला की सोसायटीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, ताई तुमच्या मुलीने नवोदय दिली होती ना, आमच्या पोराचं काय करायचं सांगा. तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच लिहून काढते. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सैनिक स्कूल म्हणजे पुढे सैन्यात अधिकारी व्हायची तयारी करून घेणारी निवासी शाळा, दोन्हीला प्रवेश परीक्षा असते. मी शिक्षिका नाही. खराडीत अकाउंट्सला आहे, राहते वाघोलीत. माझी मुलगी आणि शिरूर तालुक्यात राहणाऱ्या भावाची मुलगी, दोघी एकाच वर्षी पाचवीत होत्या, दोघींनी नवोदय दिली, माझीने पुढे सैनिक स्कूलची पण दिली. त्यात जे कळलं ते इथे आहे, आणि बरंचसं चुकून कळलंय.

अभ्यासाला हात लावायच्या आधी जन्मदाखला काढा. खरंच सांगते, सगळ्यात आधी हेच. नवोदयला सहावीत प्रवेश असतो म्हणजे पाचवीत असताना परीक्षा, आणि जन्मतारखेची खिडकी ठरलेली असते. २०२६ च्या प्रवेशाला ती होती १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६. सैनिक स्कूलला सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चला वय १० ते १२ मध्ये लागतं, म्हणजे त्याच वर्षी १ एप्रिल २०१४ ते ३१ मार्च २०१६. आता बघा, मे २०१६ चं पोर नवोदयला बसतं पण सैनिकला नाही, आणि १० एप्रिल २०१४ चं पोर सैनिकला बसतं पण नवोदयला नाही. पुढच्या वर्षांना ही तारीख एकेक वर्ष सरकते, तरी आपल्या वर्षाचं माहितीपत्रक उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आम्ही एका क्लासला गेलो होतो तिथे दोन्ही परीक्षांची एकच बॅच, एकच फी, आणि जन्मतारीख कोणी विचारलीच नाही! त्या बॅचमधल्या एका मुलाचं वय बसत नाही हे त्याच्या आईला फॉर्म भरताना कळलं, तोपर्यंत चार महिन्यांची फी गेलेली.

आणि सहावीची नवोदय एकदाच देता येते. पाचवी पास होऊन पुढे गेला, नाहीतर परत पाचवीत बसवला आणि परत परीक्षा, असलं चालत नाही.

दुसरं काम, शाळेचा पत्ता. घराचा नाही म्हणत, शाळेचा म्हणतेय. नवोदयमध्ये कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, आणि ग्रामीण कोण तर ज्याने तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली तो. ह्यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी तो शहरी. आम्ही स्वतःला गाववालेच समजत होतो, वाघोलीला अजून निम्मे लोक गावच म्हणतात, पण २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली त्यात वाघोली होती, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी पण होती. मुलीची तिसरी त्यानंतरची. म्हणजे शहरी. तिकडे भावाची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, ती ग्रामीण. दोघी आमच्या ओट्यावर बसून एकच पेपर सोडवायच्या, मार्क पण उन्नीस-बीस, पण जागा धरायला एकीपुढे मोठा दरवाजा आणि दुसरीपुढे खिडकी. ह्यात चिडण्यासारखं काही नाही, ह्या शाळा मुळात गावातल्या हुशार मुलांसाठीच काढल्यात, १९८५-८६ ला पहिल्या दोन सुरू झाल्या त्यातली एक आपल्या अमरावतीची. पण आधी माहीत असलं तर अपेक्षा किती ठेवायची ते कळतं. शिवाय मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करायचा, पुणे जिल्ह्याची शाळा शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे, शिक्रापूरकडून जवळ पडते. सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, अख्ख्या जिल्ह्यातून. ह्याच्यावरून काय ते समजा.

तिसरं म्हणजे हॉस्टेल. ह्यावर लोक बोलतच नाहीत, निकाल लागल्यावर बोलतात. दोन्ही शाळा निवासी आहेत, मूल दहा-अकरा वर्षांचं असतं. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला आजोळी पंधरा दिवस ठेवलं, आईला सांगून ठेवलेलं की हिचे कपडे हिलाच धुवू दे, ताट हिचं हिलाच घासू दे, आणि फोन एक दिवसाआड. पाचव्या दिवशी रडली. आठव्या दिवशी मीच रडले. नंतर बरी राहिली, येताना तर म्हणाली अजून दोन दिवस राहू का. तेव्हा फॉर्म भरायचं नक्की केलं. तुमच्या पोराला स्वतःहून जायचंच नसेल तर सरळ सोडून द्या, उगाच ढकलू नका. नवोदयमध्ये अजून एक आहे, नववीत काही मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, तेही घरात आधीच बोलून घ्या. खर्चाचं म्हणाल तर नवोदयला राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट, नववीपासून काही मुलांना महिना ६०० रुपये विकास निधी असतो पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ, आईवडील सरकारी नोकरीत असतील तर मात्र जास्त. सैनिक स्कूलला फी आहे, वर्षाला लाखाच्या वर जाते, उत्पन्नाप्रमाणे राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळते.

आता पेपर. नवोदयचा पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न म्हणजे ५० मार्क, अंकगणित २० प्रश्न २५ मार्क, भाषा २० प्रश्न २५ मार्क. एका प्रश्नाला सव्वा मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचा एकही गोळा रिकामा सोडायचा नाही. तिन्ही भागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं, त्यामुळे गणित बुडालं तर बुद्धिमत्ता सांभाळून घेईल हा हिशोब चालत नाही.

आणि इथे येतो तो मुद्दा ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, पेपरची भाषा. फॉर्ममध्ये परीक्षेचं माध्यम निवडायचं असतं आणि मग सगळा पेपर त्याच भाषेत येतो. आता पुण्यात निम्मी पोरं सेमी इंग्लिशला. त्यांचं मराठी मराठीतून आणि गणित इंग्लिशमधून. अशा मुलाने मराठी निवडलं तर उतारे सोपे जातात, पण गणितात समोर येतं लसावि, मसावि, अपूर्णांक, परिमिती, शेकडा नफा, सरळव्याज, आणि पोर म्हणतं हे काय आहे? इंग्लिश निवडलं तर गणित ओळखीचं पण उतारे इंग्लिशमधून वाचून वीस प्रश्न सोडवायचे. माझी मुलगी सेमीची. पहिल्या सराव पेपरात तिने गणितात २० पैकी ७ बरोबर केले, मी हादरले, वर्गात पहिल्या तीनात असणारी पोरगी! शेजारी बसून विचारलं तर कळलं की तिला "परिमिती" शब्दच माहीत नव्हता, पेरीमीटर म्हटल्यावर दोन सेकंदात उत्तर. मग मी बालभारतीची मराठी माध्यमाची चौथी-पाचवीची गणिताची पुस्तकं आणली आणि एका वहीत डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी असं लिहायला लावलं, साठ-सत्तर शब्द झाले असतील, तीन आठवड्यांत ७ चे १५ झाले. नवीन गणित तिला एकही शिकवलं नव्हतं. तर सेमीवाल्यांनी हे करा, दोन्ही भाषांतला एकेक जुना पेपर वेळ लावून सोडवून घ्या आणि मार्क बघूनच माध्यम ठरवा. आपल्याला मराठीचा अभिमान आहे म्हणून किंवा इंग्लिश भारी वाटतं म्हणून ठरवू नका. फॉर्म भरून झाल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते, त्यात माध्यम बदलता येतं, ग्रामीण-शहरी आणि प्रवर्ग पण बदलता येतो, पण ते दिवस थोडेच असतात.

बुद्धिमत्तेच्या भागात सगळ्या आकृत्याच असतात, दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, राहिलेला तुकडा भरा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, कागद दुमडून भोक पाडलं तर उघडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती वगैरे. ह्याला पुस्तकापेक्षा हाताने केलेलं जास्त उपयोगी पडतं. मी ऑफिसमधून जुनं पंचिंग मशीन आणलं, रद्दी कागद चौकोनी कापले, रोज रात्री जेवणानंतर पाच कागद. दुमडायचा, भोक पाडायचं, उघडायच्या आधी वहीत काढून दाखवायचं भोकं कुठे असतील, मग उघडायचा. पहिला आठवडा नुसता गोंधळ, दोनदा दुमडलं की भोकं चार होतात हे कळतं पण कुठे ते कळत नाही. नंतर तिला दिसायला लागलं की प्रत्येक घडी म्हणजे आरसाच आहे. मग आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न आपोआप सुटले, वेगळे शिकवावे लागले नाहीत. घरभर कागदाच्या टिकल्या झाल्या, सासूबाईंची बोलणी खाल्ली ते वेगळं.

दोन तासांत ८० म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. आकृत्या मात्र एक-एक मिनिटात सुटायला हव्यात, तिथे वाचलेली वीस मिनिटं गणिताला लागतात.

गणितात मुलं येत नाही म्हणून कमी चुकतात, अर्धवट वाचतात म्हणून जास्त चुकतात. एक उदाहरण देते. ४८० ला घेतलेली वस्तू ६०० ला विकली, शेकडा नफा किती? मुलगी म्हणाली २०. का? १२० नफा, ६०० वर काढला. नफा खरेदीवर काढायचा, ४८० वर, म्हणजे २५. पण गंमत अशी की पर्यायांमध्ये २० असतोच! पेपर काढणाऱ्याला माहीत असतं पोर कुठे घसरणार. म्हणून आम्ही चुकांची एक वही केली, नुसतं बरोबर उत्तर लिहायचं नाही, "मी काय केलं" ते पण एका ओळीत लिहायचं. तिच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलेलं होतं तर "ग्रॅम आणि किलो बघितलं नाही". एवढ्या एका गोष्टीवर आम्ही दोन रविवार घालवले.

भाषेत चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. रोज वर्तमानपत्रातला एक छोटा लेख मोठ्याने वाचून घ्या, मग पुस्तक मिटून दोन प्रश्न तुम्ही विचारा आणि दोन तिला विचारू द्या. पुरे आहे.

आता ओएमआर शीट, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका. ह्याला लोक हलक्यात घेतात. आमच्या दुसऱ्या सराव पेपरात मुलीने १७ वा प्रश्न अवघड म्हणून सोडला आणि १८ चं उत्तर १७ च्या गोळ्यात भरलं, मग तिथून पुढे सगळं एक घर वर. पेपर तपासताना मला वाटलं हिचं डोकं फिरलंय का, नंतर लक्षात आलं. पेनाने भरायचं, काळं किंवा निळं बॉलपेन, खोडता येत नाही, व्हाइटनर चालत नाही. त्यावर उपाय साधा, दर पाच प्रश्नांनी थांबून पेपरवरचा नंबर आणि शीटवरचा नंबर तोंडाने म्हणून बघायचा, आणि अवघड प्रश्न रिकामा न ठेवता अंदाजाने गोळा भरून पेपरवर खूण करून पुढे जायचं, नाहीतरी निगेटिव्ह नाहीये. अप्पा बळवंत चौकात सराव पेपरांचे संच आणि कोऱ्या ओएमआर शीट मिळतात, एक घ्या आणि झेरॉक्स काढा. शनिवारी-रविवारी तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही, आठवड्यात सकाळी जा.

आम्ही एकूण सहा महिने केलं, रोज पाऊण तास, रविवारी पूर्ण पेपर. क्लास दोन महिन्यांनी सोडला. क्लास वाईटच असतात असं नाही, घरात शिकवायला कोणी नसेल तर लावावा लागतोच, पण पाचवीच्या पोराला रोज दोन तास क्लास आणि जाऊन-येऊन नगर रोडचं ट्रॅफिक म्हणजे शिक्षा आहे. रविवारचा पेपर मात्र परीक्षेच्याच वेळेला, साडेअकरा ते दीड, टेबलावर, मधे उठायचं नाही. दहा वर्षांच्या मुलाला दोन तास एका जागी बसायचीच सवय नसते, पहिल्या रविवारी माझी तीनदा उठली, पाणी, मग बाथरूम, मग पेन्सिल.

फॉर्म पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतो, नवोदय विद्यालय समितीच्या साइटवर, फुकट भरायचा. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं, त्यावर फोटो, मुलाची सही, पालकाची सही. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आमच्या शाळेत तर असला फॉर्म कोणी बघितलाच नव्हता, आधी म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, मग मॅडम ट्रेनिंगला, मग शिक्का सापडेना, तीन चकरा झाल्या आणि माझ्या दोन हाफ-डे गेल्या. फोटो-सह्यांच्या फाइली १० ते १०० केबीमध्ये बसवाव्या लागतात. आधार, जन्मदाखला आणि शाळेतलं नाव एकच आहे का बघा, आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी आणि तिसऱ्यावर वडिलांचं नावच गायब असं असतं. ओबीसीतून भरणार असाल तर जात केंद्राच्या यादीत लागते, राज्याच्या यादीत आहे म्हणून चालेल असं धरून बसू नका.

परीक्षा आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत. आदल्या दिवशी सेंटर बघून या, वेळ धरून जा, थंडीत स्वेटर असा द्या जो पोराला स्वतः काढता येतो. आणि बाहेर आल्यावर गेटवरच "किती बरोबर आले" विचारू नका. मी विचारलं. तिने सांगितलं की शेवटचे तीन गोळे अंदाजाने भरले, आणि घरी येईपर्यंत दोघी गप्प.

सैनिक स्कूलचं थोडक्यात सांगते. साताऱ्याची शाळा १९६१ ची, देशातली पहिली सैनिक स्कूल, २०२१ पासून मुलींनाही प्रवेश आहे. परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, सहावीचा पेपर १२५ प्रश्न, ३०० मार्क, अडीच तास. त्यात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी ३ मार्कांचे म्हणजे एकटं गणितच १५०, बाकी भाषा, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान प्रत्येकी २५ प्रश्न, ५० मार्क. म्हणजे नवोदयची तयारी केलेल्या पोराला गणित दुपटीने वाढवावं लागतं आणि सामान्यज्ञान नव्याने करावं लागतं, त्याला परिसर अभ्यासाची पुस्तकं आधी संपवा, मग बाकीचं. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा मात्र इंग्लिशमधूनच. प्रत्येक विषयात २५ टक्के आणि एकूण ४० टक्के पडले की तुम्ही पात्र, पण पात्र म्हणजे प्रवेश नव्हे, पुढे गुणवत्ता यादी, राज्याचा कोटा, मेडिकल हे सगळं असतं. मेडिकलसाठी डोळे आणि दात आधीच तपासून घ्या. परीक्षा बहुतेक जानेवारीत असते, आमच्या वर्षी, २०२५ ला, ती एप्रिलमध्ये गेली आणि शाळेची वार्षिक परीक्षा बरोबर त्याच्या आसपास.

काहीजण ज्ञान प्रबोधिनीचं विचारतात. सदाशिव पेठेतली प्रशाला पाचवीपासून आहे, त्यामुळे तिची प्रवेश परीक्षा चौथीत असतानाच होते, पाचवीत जागे झालात तर उशीर झाला. ती निवासी नाही. तिथे बुद्धिमत्ता चाचणी असते, तिला रट्टा मारून काही होत नाही असं माझं मत, कोडी, बुद्धिबळ, वाचन असलं काही घरात आधीपासून असेल तेवढंच कामाला येतं.

आमचा निकाल विचारतात सगळे. भाचीचं नाव पहिल्या यादीत नव्हतं, नंतरच्या यादीत आलं, आता ती पिंपळे जगतापला आहे. म्हणून पहिल्या यादीत नाही दिसलं तरी कागदपत्रं बांधून ठेवू नका, फोन चालू ठेवा. माझीचं नवोदयला झालं नाही, सैनिकला पात्र झाली पण नंबर लागला नाही. आठ दिवस घरात जरा जड गेले, मग तिने स्वतःच चुकांची वही शेजारच्या चौथीतल्या मुलाला देऊन टाकली.

आता तिचा डोळा नववीवर आहे. नवोदयला नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, आठवीत असताना द्यायची, त्यात १०० पैकी गणित ३५, विज्ञान ३५, इंग्लिश १५ आणि हिंदी १५. हिंदीकडे सेमीवाली पोरं बघतच नाहीत, म्हणून आम्ही ह्या सुट्टीपासून तिथूनच सुरुवात केलीय. पंचिंग मशीन अजून घरीच आहे, वाघोलीत कोणाला हवं असेल तर घेऊन जा.